नसांच्या गोळ्या आणि वाढणारं वजन : चरबी किती, सूज किती, आणि चिठ्ठीतल्या बाकीच्या गोळ्यांचा हात किती?

औषधपेटी (सांगली)

पायाची आग, मुंग्या, चमका यांसाठी प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन सुरू झालं की दोन-तीन महिन्यांत मेडिकलच्या काउंटरवर प्रश्न येतोच, "ही गोळी सुजवते का हो?" नुसतं हो म्हटलं की माणूस घरी जाऊन गोळी बंद करतो. नाही म्हटलं तर ते खोटं ठरतं. म्हणून हा धागा.

आधी आकडे. प्रीगॅबालिनच्या अमेरिकी माहितीपत्रकात १४ आठवड्यांपर्यंतच्या चाचण्यांचा हिशोब दिलाय. मूळ वजनाच्या ७% किंवा त्याहून जास्त वाढ गोळी घेणाऱ्यांपैकी ९% जणांत दिसली, खोटी गोळी (तुलनेसाठी दिलेली, आत औषध नसलेली) घेणाऱ्यांत २% जणांत. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं सव्वाचार किलो. मधुमेहींची सरासरी वाढ १.६ किलो, खोट्या गोळीवर ०.३ किलो. आणि ज्या ३३३ मधुमेहींनी किमान दोन वर्षं गोळी घेतली त्यांची सरासरी वाढ ५.२ किलो. डोस जितका मोठा आणि काळ जितका लांब, तितकी वाढ जास्त.

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. ७% चा टप्पा बहुतेकांनी ओलांडलाच नाही. त्यामुळे वजन वाढलं की सगळा दोष या एका गोळीच्या माथी मारायच्या आधी पूर्ण चिठ्ठी वाचा. चिठ्ठीत दुसराच भिडू निघतो, असं बऱ्याचदा होतं.

नडगी_तपासा (मिरज)

चांगला विषय. पहिलं काम काट्यावर चढायचं नाही, नडगी दाबायची. संध्याकाळी, दिवसभर पाय खाली राहिल्यावर, घोट्याच्या चार बोटं वर नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद घट्ट दाबून ठेवा आणि उचला. खड्डा पडून राहिला तर ते पाणी. मोज्याच्या रबराचा वळ खोल उमटणं, रोजची चप्पल संध्याकाळी घट्ट होणं, अंगठी अडकणं हेही पाण्याचंच लक्षण.

वाढीचा वेगही बोलतो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर तेवढं कुणी खाल्लेलंच नसतं, ते पाणीच. चरबी आठवड्याला पाव-अर्धा किलो अशी गुपचूप चढते, आणि ती पोटावर, कमरेवर दिसते. घोट्यावर नाही.

काटा रोज बघायचाच असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत, फरशीवर ठेवलेल्या त्याच काट्यावर. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशीच करा. सकाळचं घरचं वजन आणि दवाखान्यातलं दुपारचं जेवण झाल्यावरचं वजन यांत एक-दीड किलोचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यावर नको ते निर्णय होतात.

सज्जनगड_पायथा (सातारा)

एक मुद्दा जोडतो, तो पुढच्या सगळ्या चर्चेच्या आधी यायला हवा. सुजेबरोबर दम लागणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, रात्री दोन उशा घ्याव्या लागणं, लघवी कमी होणं यांतलं काहीही असेल तर धागा मिटवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हृदय कमकुवत असलेल्यांना प्रीगॅबालिन जपून द्यायचं, असा इशारा माहितीपत्रकातच आहे. एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखत असेल तर ती या गोळीची सूज नव्हे. गोळीची सूज दोन्ही पायांना येते. एका पायात रक्ताची गाठ आहे का, हे आधी बघावं लागतं.

कवठेमहांकाळकर

एका नातेवाइकांची चिठ्ठी समोर आहे. वय ६४, मधुमेह बारा वर्षं, बीपी. चार महिन्यांत चार किलो वाढ. औषधं अशी:
सकाळी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड २ आणि पायोग्लिटाझोन १५ यांची एकत्र गोळी. बीपीसाठी अमलोडिपिन ५.
सकाळी प्रीगॅबालिन ७५ अधिक मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी१२).
रात्री प्रीगॅबालिन ७५ अधिक नॉरट्रिप्टिलिन १०.
घरचे म्हणतायत, नसांची गोळी बंद करू. जाणकारांनी सांगावं.

औषधपेटी

दादा, याला म्हणतात नमुनेदार चिठ्ठी. बारकाईनं बघा, यात वजन किंवा सूज वाढवणाऱ्या पाच गोष्टी आहेत, आणि प्रीगॅबालिन त्यातली फक्त एक.

पायोग्लिटाझोन: हे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, शिवाय चरबीही वाढवतं. प्रीगॅबालिनसोबत याची जोडी वाईट जमते. याच गटातली साखरेची गोळी एकटी घेणाऱ्यांत पायाची सूज ३% जणांना, प्रीगॅबालिन एकटं घेणाऱ्यांत ८%, आणि दोन्ही मिळून १९%. माहितीपत्रकात हा धोका नाव घेऊन लिहिलाय. तरी तीन औषधांच्या एकत्र गोळीत पायोग्लिटाझोन दडलेलं असतं म्हणून नजरेतून सुटतं. ठळक अक्षरांतल्या ब्रँडच्या नावावर जाऊ नका, खाली बारीक अक्षरांत घटक असतात ते वाचा.

अमलोडिपिन: वजन वाढवत नाही, पण घोटे सुजवते. ही सूज लघवीच्या गोळीनं फारशी उतरत नाही, कारण इथं शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, बारीक रक्तवाहिन्या सैलावून पाणी बाहेर झिरपतं. डोस कमी केला किंवा गट बदलला की उतरते.

ग्लिमेपिराइड: स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, त्यामुळे वजन थोडं चढतं. साखर खाली गेली की भूक भडकते, माणूस खातो, वजन आणखी चढतं.

नॉरट्रिप्टिलिन: रात्रीच्या गोळीत गुपचूप बसलेलं. भूक वाढवतं, तोंड कोरडं पाडतं. त्याचा भाऊ अमिट्रिप्टिलिन याबाबतीत आणखी वाईट.

उरलं प्रीगॅबालिन, रोज १५०. मध्यम डोस. म्हणजे घरचे ज्या गोळीवर राग धरून बसलेत, ती बंद करून फार तर थोडा फरक पडेल, आणि पायाची आग मात्र पूर्ण परत येईल. डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो पायोग्लिटाझोनबद्दल.

नडगी_तपासा

पूर्ण सहमत. त्याच्या जागी काय, हे डॉक्टर ठरवतील, पण पर्याय माहीत असलेले बरे. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतं, वजन साधारण दोन-तीन किलो उतरवतं आणि २०२० पासून स्वस्त जेनेरिक मिळतं. खबरदारी म्हणजे जननेंद्रियाजवळ बुरशी, खाज. पाणी पुरेसं प्यायचं, आणि पायाला जखम असेल तर आधी ती दाखवायची.

सिटाग्लिप्टिनसारखी औषधं वजनाला ना वर ना खाली.

एक इशारा. चिठ्ठीत ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन असताना वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण एकदम सोडू नका. साखर ७० च्या खाली जाते, घाम, थरथर, गरगर होते, आणि घरचे म्हणतात "नसांच्या गोळीची चक्कर आहे, झोपू दे." ही चूक महागात पडते. चक्कर आली की आधी बोट टोचून साखर बघायची. कमी निघाली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

अंकलखोप_मळा

इतकी रसायनं कशाला? सांगलीची हळद, मेथी, रोज सकाळी कोमट पाणी. गोळ्या आजच बंद करा म्हणावं.

औषधपेटी

काका, हळदीबद्दल वाद नाही, भाजीत पडू दे. पण "आजच बंद" हे इथं लिहू नका, कुणीतरी खरंच करेल. प्रीगॅबालिन एकदम तोडलं तर झोप उडते, मळमळ, जुलाब, डोकेदुखी, घाम, घालमेल. फिट्सचा आजार असलेल्याला फिट येऊ शकते. कमी करायला किमान एक आठवडा, आणि खूप महिने चाललेली असेल तर डॉक्टर त्याहून जास्त घेतात.

प्रत्यक्षात उतरवायचं ते कॅप्सूल बदलून. प्रीगॅबालिन २५, ५०, ७५, १५० अशा ताकदींत मिळतं. ७५ दोनदा चालू असेल तर सकाळची ७५ ची ५०, मग २५, मग बंद, आणि त्यानंतर रात्रीची तशीच. कोणती पायरी किती दिवस, ते लिहून घ्या. बहुतेक घरांत रात्रीची शेवटी काढतात, कारण आग रात्रीच जास्त होते आणि झोपही त्यावरच बेतलेली असते.

गोची कुठं होते सांगतो. एकत्र गोळीचे हे टप्पे पाडता येत नाहीत. नॉरट्रिप्टिलिनवाली अर्धी केली की दोन्ही औषधं अर्धी होतात. आणि स्ट्रिपवर एसआर, सीआर किंवा ईआर लिहिलं असेल तर ती तोडायचीच नाही. तोडली की दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं आणि माणूस लटपटतो. म्हणून डोस उतरवायचा असेल तर डॉक्टरांकडून साध्या, सुट्या प्रीगॅबालिनची चिठ्ठी घ्या.

यवतेश्वर_घाट (सातारा)

मूत्रपिंडाचा मुद्दा कुणी काढला नाही अजून. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन दोन्ही जवळपास जसंच्या तसं लघवीवाटे जातं. यकृत त्याला हात लावत नाही. मूत्रपिंड मंद झालं की नेहमीचा डोससुद्धा अंगात साचतो. सूज, गुंगी, तोल जाणं, सगळं वाढतं.

रिपोर्टवर क्रिएटिनिन १.४ दिसलं की "थोडंच वर आहे" म्हणून सोडून देतात. हिशोब करून बघा. (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बाई असेल तर आलेल्या आकड्याला ०.८५ नं गुणायचं. वय ६८, वजन ६०, बाई, क्रिएटिनिन १.४. उत्तर येतं साधारण ३६, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला अंदाजे तेवढे मिलिलिटर गाळतं. आणि ३० ते ६० च्या मध्ये असेल तर प्रीगॅबालिनचा डोस नेहमीच्या निम्मा हवा, १५ ते ३० मध्ये त्याच्याही निम्मा. म्हणजे या बाईंना दिवसाला १५० देणं हे धडधाकट माणसाला ३०० दिल्यासारखं. अशा ठिकाणी निम्म्या डोसवर आग तितकीच आटोक्यात राहते आणि सूजही उतरते.

वजन वाढलं म्हणून तपासण्या करायच्याच असतील तर क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी). थायरॉइड मंदावला तरी वजन वाढतं, पाय जड होतात आणि हातापायाला मुंग्याही येतात. तो निघाला तर मुंग्यांमागे तोही असू शकतो.

कवठेमहांकाळकर

बी१२ चं काय? त्यांची मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू आहे आणि घर पूर्ण शाकाहारी.

यवतेश्वर_घाट

फार नेमका प्रश्न. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं बी१२ चं शोषण घटतं, आणि शाकाहारात त्याचा पुरवठा दूध-दह्यापुरताच. कमतरतेच्या मुंग्या मधुमेहाच्या मुंग्यांसारख्याच वाटतात. मिथाइलकोबालामिनची गोळी आधीपासून चालू असली की रक्तातला आकडा छान दिसतो, मूळ कमतरता होती की नाही ते कळत नाही. म्हणून तपासणी गोळी सुरू व्हायच्या आधीची हवी. यांच्या बाबतीत जुना रिपोर्ट शोधा.

ता.क. "ताकदीच्या" गोळ्यांत बी६ किती आहे तेही बघा. बी६ मोठ्या डोसनं महिनोन् महिने घेतलं तर नसा बिघडतात. नसांसाठी म्हणून दोन-तीन वेगळ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतात आणि प्रत्येकीत थोडं थोडं बी६ असतं.

दंडोबा_डोंगर

पर्यायांबद्दल कुणी लिहील का? गॅबापेंटिनवर बदलून घेतलं तर वजन थांबतं का?

नडगी_तपासा

गॅबापेंटिन त्याच घराण्यातलं, कॅल्शियम चॅनेलच्या त्याच भागावर बसणारं. वजन आणि सूज त्यातही आहे. नागिणीनंतरच्या दुखण्याच्या चाचण्यांत सूज ८.३% जणांना, खोट्या गोळीवर २.२%. फक्त वजनासाठी हा बदल करण्यात मला फार अर्थ दिसत नाही. शिवाय त्याचं शोषण डोस वाढेल तसं घटत जातं. दिवसाला ९०० मिलिग्रॅमवर ६०% शोषलं जातं, २,४०० वर ३४%. म्हणून ते तीन वेळा विभागून द्यावं लागतं. अ‍ॅसिडिटीचं पांढरं-गुलाबी औषध सोबत घेतलं तर आणखी कमी, दोन तासांचं अंतर ठेवावं.

वजनाच्या दृष्टीनं खरा वेगळा पर्याय म्हणजे ड्युलोक्सेटिन, मुळात नैराश्याची पण नसांच्या दुखण्यावरही चालणारी गोळी. वजन जवळपास जागेवर राहतं, सुरुवातीला भूक मंदावते. ३० नं सुरू, आठवड्यानं ६०, जेवणानंतर. पहिले दहा दिवस मळमळ हीच अडचण, आणि तिथंच बरेच जण सोडून देतात. बीपी तपासत राहायचं. यकृताचा आजार, रोजची दारू किंवा मूत्रपिंडाचा वरच्या हिशोबातला आकडा ३० च्या खाली असेल तर नको. ट्रॅमाडॉल (दुखण्याची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हेही एकदम तोडायचं नसतं.

दुखणं आटोक्यात ठेवण्यात कोण भारी? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत १३० मधुमेहींवर अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन यांनी सुरुवात करून पाहिली, परिणाम जवळपास सारखा. म्हणजे निवड दुष्परिणाम बघूनच करायची. जाड माणसाला अमिट्रिप्टिलिननं सुरुवात करणं मला पटत नाही. सडपातळ, झोप न लागणाऱ्या माणसाला तेच बरं. (प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार नसेल तर.)

दुखणं एकाच पट्ट्यात असेल, नागिणीनंतर असतं तसं, तर ५% लिडोकेनची पट्टी किंवा कॅप्सेसिनचं मलम. यांचा वजनाशी संबंधच नाही. कॅप्सेसिन मिरचीतलंच, पहिले काही दिवस जास्त जळतं. लावल्यावर हात साबणानं धुवा, डोळ्याला लावू नका, चिरलेल्या कातडीवर तर नकोच.

सज्जनगड_पायथा

आणि कमरेच्या मणक्याच्या दुखण्यासाठी चालू असेल तर? ऊसतोड, हमाली करणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांत प्रीगॅबालिन सर्रास दिसतं, आणि एकदा लिहिलं की सहा-सहा महिने तीच चिठ्ठी दाखवून आणतात.

नडगी_तपासा

तिथं तर मूळ प्रश्नच गोळी हवी का, हा आहे. सायटिकासाठी (कमरेतून पायात जाणारी कळ) ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर प्रीगॅबालिन विरुद्ध खोटी गोळी अशी चाचणी झाली. २०१७ मध्ये निकाल आला, पायाच्या दुखण्यात फरक नाही, चक्कर मात्र जास्त. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२० मध्ये सायटिकासाठी ही औषधं देऊ नका असं सांगितलं. त्यामुळे कमरेतून पायात जाणाऱ्या कळेसाठी महिनोन् महिने चालू असेल, वजन वाढत असेल आणि कळही तशीच असेल, तर डॉक्टरांशी बोलून टप्प्याटप्प्यानं उतरवायला हरकत नसावी. मधुमेहाच्या आगीचं गणित वेगळं, तिथं गोळी खरंच काम करते.

चौथा_कप (विश्रामबाग)

आता खाण्याकडे येते, कारण सूज वजा केली तरी चरबीचा भाग उरतोच. या गोळ्यांची भूक रात्रीची असते. आठला जेवण, नऊला गोळी, साडेदहाला डबे उघडायला सुरुवात. आणि आपल्या सांगलीच्या घरात डबा उघडला की भडंग! चुरमुरे हलके दिसतात, पण त्यावर तेल आणि शेंगदाणे असतात. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे १२० च्या आसपास कॅलरी. बेदाण्याची मूठ, ३० ग्रॅम, साधारण ९०. साताऱ्याच्या मंडळींनी कंदी पेढ्यांचा हिशोब आपापला करावा.

उपाय दोन. जेवण थोडं उशिरा घ्या आणि त्यात उसळ किंवा घट्ट वरण नक्की ठेवा, नुसता भात-आमटीवर पोट दोन तासांत रिकामं वाटतं. (मूत्रपिंडासाठी प्रथिनं मोजून खायला सांगितली असतील त्यांनी विचारून.) आणि साडेदहाच्या भुकेसाठी आधीच वाटी भरून ठेवा, ३० ग्रॅम फुटाणे किंवा काकडी आणि बिनसाखरेचं ताक. सूज असेल तर ताकात मीठ नको. लोणचं, पापड, खारे दाणे यांनाही तेच लागू.

नॉरट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं, त्यावर लोक चहा पितात. पाच कप, कपाला दोन चमचे साखर, चमचा ५ ग्रॅमचा. दिवसाची ५० ग्रॅम, २०० कॅलरी. महिन्याला ६,०००, म्हणजे पाऊण किलोच्या वर! गुळाचा चहा केला म्हणून यात फरक पडत नाही. कोरड्या तोंडाला घोट घोट पाणी आणि बडीशेप पुरते.

पायताण (मिरज)

चालायला जा असं सगळे सांगतात. बधिर पायांनी कसं चालायचं ते सांगत नाहीत.

चप्पल नको. मागे पट्टा असलेली, एमसीआर म्हणजे मऊ रबराच्या तळाची सँडल किंवा पुढे रुंद बूट. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय फुगलेला असतो. घालायच्या आधी दर वेळी आत हात फिरवा, खडा असला तर पायाला कळत नाही. परत आल्यावर तळवा आरशात बघा. देवळात अनवाणी प्रदक्षिणा, उन्हात तापलेल्या फरशीवर तर मुळीच नको.

सपाट जागा निवडा. सांगलीत आमराई चांगली. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा उतार टाळा, उतरताना सगळा भार बोटांवर येतो आणि नखाखाली जखम होते. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या गोळीच्या गुंगीत नकोत. सकाळची गोळी घेऊन लगेच निघू नका. प्रीगॅबालिन रिकाम्या पोटी दीड तासात आणि जेवणासोबत तीन तासांत शिखरावर जातं, चक्कर त्याच सुमाराला. चालून येऊन मग गोळी घेतलेली बरी. सुरुवात दहा मिनिटं दोनदा. पायाला जखम असेल तर चालणं बंद, खुर्चीत बसून हातांचे आणि मांड्यांचे व्यायाम.

दंडोबा_डोंगर

वजनाची ती आठवड्याची इंजेक्शनं आलीत ना आता, ती घेऊन गोळी तशीच चालू ठेवता येईल?

यवतेश्वर_घाट

सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड. मधुमेह आणि मोठं वजन असेल तर डॉक्टर विचार करतात. नसांच्या दुखण्यात एक अट मात्र लक्षात ठेवा. साखर फार दिवस चढी असताना ती झपाट्यानं खाली आणली, एचबीए१सी तीन महिन्यांत दोन टक्क्यांहून जास्त उतरलं, तर काही जणांच्या पायाची आग उलट भडकते. डोळ्याचा पडदाही बिघडू शकतो. कुठल्याही औषधानं साखर अशी पडली तरी हे होतं. म्हणून आधी डोळे तपासून घ्यायचे आणि डोस सावकाश वाढवायचा.

कवठेमहांकाळकर

खूप उपयोग झाला. घोटे दाबले, खड्डा पडतो. पायोग्लिटाझोन आणि अमलोडिपिनबद्दल या आठवड्यात डॉक्टरांना विचारतो. शेवटचं एक, औषध बदललं तर वजन आपोआप उतरतं का?

औषधपेटी

पाण्याचा भाग काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत उतरतो. चरबीचा भाग नाही. भूक कमी होते, पण चढलेलं वजन खाण्या-चालण्यानंच उतरवावं लागतं.

जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, नुसती चिठ्ठी नको. हाडांच्या डॉक्टरांनी एका नावानं आणि साखरेच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावानं प्रीगॅबालिनच लिहिलंय, आणि दोन्ही चालू आहेत, असं आढळतं. नावं वेगळी, रंग वेगळे, आत तेच औषध. आणि चिठ्ठी बदलल्यावर जुन्या उरलेल्या स्ट्रिपा डब्यातून काढून टाका.

कवठेमहांकाळकर

आत्ताच डबा बघितला. हाडांच्या डॉक्टरांची जुनी स्ट्रिप आहे, प्रीगॅबालिन ७५, निम्मी संपलेली. घेतायत की नाही ते विचारतो.

औषधपेटी

आधी ते विचारा. घेत असतील तर रोजचा डोस १५० नाही, २२५ आहे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर तोही इथं टाका.